उलाळ

सोळा फुटी कॅनो घरात ठेवली की तिचं एक टोक देवघरात जातं आणि दुसरं मोरीत. पुण्याचा मित्र परदेशी निघाला, जाताना ती माझ्या गळ्यात घालून गेला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कॅनो म्हंजे काय रं?"

"होडीच, जरा अरुंद."

"मग होडी म्हण की. कॅनो म्हटलं की जागा कमी लागत्या व्हय?"

शिवाजी पेठेतून पंचगंगा घाटापर्यंत ती न्यायची कशी? वजन तीस किलो. डोक्यावर पालथी घालून चालायची रीत आहे म्हणे. गल्लीत करून पाहिली. मला फक्त माझे पाय दिसत होते, आणि समोरच्या स्कूटरवाल्यालाही फक्त माझे पायच. दोघंही वाचलो, पण रीत बाद.

मग दोन चाकांचा गाडा. बाहेरदेशी तो ॲल्युमिनियमचा, घडीचा मिळतो. मी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना फोटो दाखवला आणि हलका हवा असं तीनदा बजावलं. त्यांनी लोखंडी अँगलचा असा गाडा वेल्ड करून दिला, की त्यावर ट्रॅक्टरचं इंजिन न्यावं. "हलका केला असता," ते म्हणाले, "पण आमचं नाव खराब झालं असतं."

रविवारी सकाळी कॅनो गाड्यावर ठेवली आणि ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा आडवा टाकून आवळला. जरा जास्तच. फायबर 'कुर्र' करून बोललं, तसा दोन दाते सैल सोडला. सौ. दारातून म्हणाली, "अहो, ऑगस्टपर्यंत थांबा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या वर गेलं, की नदीच येते निम्म्या वाटेवर."

पहिल्याच स्पीडब्रेकरला गाड्याची चाकं अडली. कॅनो अडली नाही. ती पट्ट्यातून सरकत पुढं आली आणि गाडा तिच्या शेपटाकडं गेला. कॅनो दोन्ही टोकांना निमुळती, त्यामुळं गाडा जेवढा मागं जाईल तेवढा पट्टा ढिला. आडवा पट्टा कितीही आवळा, उभ्या सरकण्याला तो काही करत नाही. हे मला रस्त्यावर, मागं केएमटीची बस हॉर्न देत असताना समजलं.

धसका घेऊन मी गाडा पार पुढं, नाकाजवळ बांधला. आता नाक वर आणि शेपूट डांबरावर. ओढताना मी जवळजवळ लोंबकळत होतो. असाच गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पोचलो. तिथं धार काढून घ्यायला लोक किटल्या घेऊन उभे. म्हशी मात्र वळून माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं पान्हा चोरला. दोष अर्थात माझ्यावर आला.

तिचे मालक आप्पा उठले. उमेदीत साखर कारखान्याला बैलगाडीनं ऊस घातलेला माणूस. त्यांनी कॅनोला एक फेरी मारली.

"उलाळ हाय की गाडी तुमची!"

बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं, की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, ती उलाळ. इथं बैल मी होतो. आप्पांनी गाडा कॅनोच्या कमरेखाली आणला, नाक दोन बोटांवर तोलून बघितलं, मग वीतभर मागं सरकवला. "नाडा हाय काय?"

मी नकळत पायजम्याला हात लावला.

त्यांनी म्हशीच्या खुंट्याजवळचा दोर काढला. गाड्याच्या दांड्यापासून कॅनोतल्या पुढच्या आडव्या पट्टीला एक पीळ, मागच्या पट्टीला दुसरा, मग ताण देऊन गाठ. "आता गाडा फुडं बी जायचा न्हाई, मागं बी न्हाई."

खरंच गेला नाही. उतारावर कॅनो अशी चालली, की तालमीतून बाहेर पडलेल्या पोरांनी वाट दिली. घाट आला. दगडी पायऱ्या आल्या. गाडा इथंच सोडायचा होता, आणि गाठ सुटेना. नखं लावली, दात लावले. पोहून वर आलेल्या एका म्हाताऱ्यानं चिमट्यासारखी बोटं घालून बघितली आणि धोतर पिळत निघून गेला. अर्ध्या तासानं मी गाडा वळवला. चढ.

"झालं पोहून?" आप्पांनी विचारलं.

"गाठ सुटत नाही."

"सुरगाठ हाय, मर्दा." त्यांनी दोन बोटांत एक शेपूट धरून ओढलं. मी अर्धा तास दुसरंच ओढत होतो. दोर सळकन त्यांच्या हातात आला, आणि कॅनो गाड्यावरून घसरून, शेणातून पुढं जात, त्याच म्हशीसमोर थांबली.