मुंबई, पुणे आणि आमचा सोफा

हलकाफुलका सिनेमा डोकं बाजूला ठेवून बघायचा असतो. रविवारी रात्री 'मुंबई-पुणे-मुंबई' लावला तेव्हा मी माझं ठेवलंही होतं. घरातल्या बाकी तिघी मात्र आपापली डोकी घेऊनच सोफ्यावर बसल्या.

सतीश राजवाडेंचा हा सिनेमा 2010च्या जूनमध्ये आला, तेव्हा आमचं लग्न नुकतंच ठरलं होतं. मुंबईची मुलगी पुण्यातल्या स्थळाला नकार द्यायला येते, वाटेत एका पुणेकराला पत्ता विचारते आणि मग त्याच्याशीच भांडत दिवसभर पुणं हिंडते. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, बस्स. दोघांच्या मध्ये कोणी कडमडत नाही. मला तेव्हा त्याचाच हेवा वाटला होता, कारण आमच्या प्रत्येक भेटीला हिचा धाकटा भाऊ सोबत असायचा. (या सिनेमालाही होता. मधल्या खुर्चीत.)

आता मधल्या खुर्चीत आठवीतली मुलगी आहे.

"पत्ता विचारायचा कशाला? लोकेशन मागवायचं ना!"

"तेव्हा तसं नव्हतं गं."

"आणि बघायला जायच्या आधी मुलाचं इन्स्टासुद्धा चेक केलं नाही?"

इन्स्टाग्राम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलं. म्हणजे चार महिने उशीर झाला असता तर मराठीतल्या एका गोड सिनेमाचा निकाल पहिल्या पाच मिनिटांतच लागला असता. पुढे तोच ते स्थळ आहे हे उघड झालं, तेव्हा मी शेजारी बघितलं. मला वाटलं, पोरगी विरघळली असेल. ती म्हणाली, "बाबा, हा रेड फ्लॅग आहे." ज्या प्रसंगाला आमच्या वेळी थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या, त्यावर ही पोलीस तक्रार करायला निघाली.

बायकोचं लक्ष प्रेमकथेकडे नव्हतंच. ती मागचे रस्ते बघत होती. "अहो, किती रिकामं होतं हो पुणं!" तिच्या त्याच भावाची नोकरी आता हिंजवडीत असल्यामुळे पुण्याच्या रस्त्यांवर आमच्या घरात रोज रात्री फोनवरून चर्चासत्र भरतं. खरं सांगायचं तर मलाही आता नायकाचं भाग्य मुक्ता बर्वे भेटण्यात वाटत नाही. कामाच्या माणसाला अख्खा दिवस मोकळा मिळाला आणि एकदाही पार्किंग शोधावं लागलं नाही, यात वाटतं.

मुंबई भारी की पुणं, हे भांडण नाशिककर फार शांतपणे ऐकतो. कागदावर आम्ही सुवर्ण त्रिकोणाचा तिसरा कोन. प्रत्यक्षात दोघांचं भांडण लागलं की चहा टाकणारे. आमच्यावर असा सिनेमा निघणंही अवघडच. 'नाशिक-पुणे-नाशिक' काढावा तर थेट रेल्वे अजून व्हायचीय. रस्त्याने सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत नायिका चाकणच्या ट्रॅफिकमध्ये शिरली, की ती बाहेर पडेपर्यंत नायकाचं दुसरीकडे जमलेलं असणार. गावातल्या गावात काढावा तर मी सिडकोचा, ही पंचवटीची. त्यात सिनेमा कसला, जाहिरातसुद्धा होणार नाही. द्वारका चौकात अडकलो असतो तर कदाचित मध्यंतरापर्यंत गेला असता.

आई मात्र अस्वस्थ होती. तिला प्रेम, विनोद, पुणेरी टोमणे, सगळं मान्य होतं. तिचा प्रश्न वेगळाच.

"ह्यांची नावं काय रे?"

"सांगत नाहीत. शेवटपर्यंत एकमेकांना विचारतच नाहीत."

"दिवसभर फिरले, लग्नापर्यंत आले, आणि नाव नाही?" आईने रिमोट ताब्यात घेतला. "निदान आडनाव तरी?"

आडनावं कळायला प्रेक्षकांना 2015च्या दुसऱ्या भागापर्यंत थांबावं लागलं होतं. आई थांबणाऱ्यातली नाही. साडेअकराला दुसरा भाग सुरू झाला. सोमवारी माझी पहिली पाळी, हे सांगून पाहिलं. "तू झोप की, तुला कोणी धरलंय?" असं उत्तर आलं, टीव्ही माझ्याच पलंगासमोर आहे, हा मुद्दा कोणी विचारात घेतला नाही.

अखेर खुलासा झाला. मुलगी गौरी देशपांडे, मुलगा गौतम प्रधान. आईने आवाज बंद केला आणि लग्न आपल्याच घरी असल्यासारखी गंभीर झाली.

"प्रधान. म्हणजे सीकेपी. सोड्याची खिचडी आली, सुकी कोळंबी घातलेली," ती म्हणाली. "देशपांड्यांच्या मुलीला जमेल का रे?"

तिसऱ्या भागात गौरीला दिवस जातात, हे मी अजून घरात कोणालाही सांगितलेलं नाही.