निसर्ग डावे-उजवे जाणतो

‘निसर्ग जे घडवतो ते परिपूर्ण सममितीत घडवतो. हिमकण पाहा, माणसाचे शरीर पाहा, भौतिकीचे नियम पाहा. असममिती म्हणजे दोष,’ अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्यातील दाखले तपासले, तर एकही पुरता टिकत नाही.

हिमकणांचे षट्कोनी रूप खरे आहे, कारण बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत रचले जातात. मात्र प्रत्यक्ष पडणारे बहुसंख्य कण वेडेवाकडे, तुटलेले किंवा एकमेकांना चिकटलेले असतात. छायाचित्रांत दिसतात ते वेचून काढलेले.

शरीराचा दाखला त्वचेपाशीच संपतो. आत हृदयाचे टोक डावीकडे, यकृत उजवीकडे, उजव्या फुप्फुसाचे तीन खंड तर डाव्याचे दोनच. ही बाजू ठरते कशी, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. गर्भ अगदी कोवळा असताना त्याच्या एका लहानशा खळग्यातील पेशींवरचे सूक्ष्म केस एकाच दिशेने गरगर फिरतात, त्यामुळे तेथील द्रव डावीकडे वाहू लागतो आणि त्या प्रवाहाच्या इशाऱ्याने डाव्या बाजूची विशिष्ट जनुके कामाला लागतात. ज्यांचे हे केस जन्मतः हलत नाहीत, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या व्यक्तींचे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात, म्हणजे प्रवाह थांबला की निर्णय नाणेफेकीवर जातो. दोष म्हणायचाच, तर असममिती घडवणारी यंत्रणा बंद पडणे हा दोष आहे.

भौतिकीविषयीचे विधान अर्धे खरे आहे आणि ते अर्धे मला मनापासून प्रिय आहे: नियम काळानुसार बदलत नाहीत, या सममितीतूनच ऊर्जेची अक्षय्यता निघते, हे गणितज्ञ एमी न्योटर यांच्या १९१८ च्या सिद्धान्ताने दाखवले. पण निसर्गनियम आरशातही तसेच राहतात, या समजाबद्दल भौतिकशास्त्रज्ञ ली आणि यांग यांनी १९५६ मध्ये शंका घेतली. ती तपासण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांनी कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानाच्या, अगदी जवळ थंड केले, चुंबकीय क्षेत्राने केंद्रकांच्या फिरकीचे अक्ष एका दिशेला वळवले आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. सममिती असती, तर ते दोन्ही बाजूंना सारखेच निघाले असते. प्रत्यक्षात फिरकीच्या विरुद्ध दिशेला जास्त निघाले. १९५७ चे नोबेल ली आणि यांग यांना मिळाले, वू यांना मिळाले नाही, आणि हा अन्याय मला आजही सलतो.

राहता राहिला ‘दोष’ हा शब्द. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य (विरुद्ध विद्युतभाराच्या जुळ्या कणांचे द्रव्य) तंतोतंत समान असते, तर दोहोंनी एकमेकांना नष्ट केले असते आणि जवळपास केवळ प्रारणच, म्हणजे प्रकाशासारखी ऊर्जाच, उरले असते. साधारण अब्जात एक इतके द्रव्य जास्त होते, त्यातूनच तारे झाले. तो तोल नेमका कशाने ढळला, याचा शोध अजून चालू आहे.