‘निर्दोष सुटला’ म्हणजे नेमकं काय झालं?

बातमी आली की कमेंटमध्ये दोन फौजा उभ्या राहतात. एक म्हणते, बघा, काही केलंच नव्हतं! दुसरी म्हणते, पैसे चारले असणार. निकालपत्र दोघींनीही उघडलेलं नसतं.

निम्मा घोळ आपल्या शब्दानेच घातलाय, असं मला वाटतं. ‘निर्दोष मुक्तता’. इंग्रजीत ज्यूरी (खटल्याचा निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) ‘नॉट गिल्टी’ म्हणते, ‘इनोसंट’ नाही. कोर्टापुढचा प्रश्न एवढाच: सरकार पक्षाने आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध केला का? नसेल, तर आरोपी मोकळा. त्याने तोंडही उघडलं नाही तरी चालतं, कारण सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर नसतंच.

अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचा खटला आठवा. आरोप, घटस्फोटित बायको आणि तिचा मित्र अशा दोघांच्या खुनाचा. जून १९९५. खुनाच्या तपासात सापडलेले चामडी हातमोजे सरकारी वकिलांनीच त्याला भर कोर्टात घालायला लावले. आत पातळ रबरी मोजे, वर हे. ओढून ओढून धड बसेनात. हात मुद्दाम फुगवला, चामडं आकसलं होतं, काय वाट्टेल ते म्हणा. ज्यूरीने जे पाहायचं ते पाहिलं. ऑक्टोबरमध्ये तो सुटला. आणि १९९७ साली दिवाणी दाव्यात दुसऱ्या ज्यूरीने त्याच दोन मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरलं! भरपाई, ३ कोटी ३५ लाख डॉलर. लोक याला विसंगती म्हणतात. मला ती दिसत नाही. दिवाणीत पारडं जरासं झुकलं तरी पुरतं. फौजदारीत पुरत नाही, कारण तिथे माणूस गजाआड जातो.

स्कॉटलंडमध्ये तर शतकानुशतकं तिसरा निकाल होता: ‘सिद्ध झाले नाही’. परिणाम सुटकेचाच, पण कपाळावर शंकेचा टिळा. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने तो रद्द करणारा कायदा केला. बरं झालं. सोडायचं तर धड सोडा.

म्हणूनच ‘संशयाचा फायदा मिळून सुटला’ हे ओठ मुरडून म्हटलेलं मला खटकतं. तो फायदा म्हणजे भीक नव्हे. पुरावा तोकडा पडला असेल तर जाब तपास करणाऱ्यांना विचारा. मात्र, सुटका झाली म्हणून तक्रार करणारी बाई खोटारडी ठरली, असंही नाही! तिचं खोटं हा वेगळा आरोप आहे, आणि तोही कुणीतरी सिद्ध करावा लागतो.