मिरजेचा तंबोरा आणि तलवारीची गोष्ट

२०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून एक गोष्ट या फोनवरून त्या फोनवर फिरते आहे. इंग्रजांनी हत्यारांवर बंदी घातली, मिरजेचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर, रातोरात बेकार झाले, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोऱ्याचा शोध लावला, तलवारीच्या पोलादाचं गुपित तारांत उतरवलं, आणि आता मिरजेबाहेर कुणाला तंबोरा बनवता येणार नाही. यातले शिकलगार खरे, फरीदसाहेब खरे. बाकीचं टिकत नाही.

बंदीचा शस्त्र कायदा १८७८चा. शिकलगार वाद्यांकडे वळले ते १८५०च्या सुमारास, आणि मिरज होतं पटवर्धनांचं संस्थान, थेट इंग्रजी अमलाखालचं गाव नव्हे. मराठेशाही १८१८ला संपली, लढाया थांबल्या, धार लावायला येणारं गिऱ्हाईक आटत गेलं. रातोरात काही झालं नाही. मिरजेत गाणं होतं, गवयांची वाद्यं बिघडत होती. फरीदसाहेब आणि त्यांच्या भावांनी आधी ती दुरुस्त केली, मग स्वतः घडवली, असंच घराण्यात सांगतात.

‘शोध’ तर मुळीच नाही. सतराव्या शतकातल्या लघुचित्रांतही गवयांच्या हाती तंबोरा दिसतो. तंजावरचा तंबुरा फणसाच्या लाकडाचा, त्याची परंपरा वेगळीच. जे वाद्य आधीपासून होतं, ते मिरजेनं इतकं सुरेल केलं की गवई त्यासाठी मिरजेची वाट धरू लागले. फरीदसाहेबांना हेच श्रेय द्यायला हवं, आणि ते शोधाच्या श्रेयापेक्षा लहान नाही.

पोलादाच्या गुपिताची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिच्यामुळे खरी कारागिरी झाकली जाते. तंबोऱ्याचा जीव जवारीत, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणाऱ्या झंकारात असतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर घासत थरथरते आणि एका सुरातून वरचे कितीतरी सूर उमटतात. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो झंकार नेमका जागेवर आणायचा. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर लिहिलं होतं. हा उतार कानसीनं घासून जमवावा लागतो. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवून घासायचं. एक हात जास्त पडला की सूर बिघडला. धातू घासण्यात मुरलेला शिकलगाराचा हात इथे कामी आला असेल, एवढं मी नक्की मानतो. पण ऐकणारा कान तलवारीनं दिला नाही. तो गवयांच्या शेजारी बसून तयार झाला. किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, त्यांची कबरही इथल्या दर्ग्यात आहे.

मानांकनाचं थोडक्यात: राखीव आहे ते ‘मिरज’ हे नाव. कोलकात्याचा किंवा लखनौचा कारागीर खुशाल तंबोरा घडवू शकतो, फक्त तो मिरजेचा म्हणून विकू शकत नाही.

आणि त्या मजकुरात भोपळ्याचा उल्लेखच नाही. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे भाजीचा लाल भोपळा नव्हे. जाड सालीचा, कडू, मुद्दाम मोठा होऊ दिलेला हा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो आणि वेलीवरून उतरल्यावर कितीतरी महिने वाळवावा लागतो. गोष्ट पुढे पाठवायचीच असेल, तर त्या शेतकऱ्यालाही तिच्यात घ्या.