थायमसची सावली म्हणजे गाठ नव्हे

नव्या आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा एक संदेश असा: "बाळाच्या एक्स-रेत हृदयाच्या वर रुंद सावली दिसली की थायमस वाढलाय समजा. तो श्वासनलिका दाबतो. हाडांमुळे सोनोग्राफीत दिसत नाही, म्हणून सीटीच करा. स्टेरॉइड दिल्यावर आटला तर तो थायमसच होता." थायमस म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागची, रोगप्रतिकारक पेशी घडवणारी ग्रंथी. संदेशातलं एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

वाढलाय? शरीराच्या मानाने थायमस तान्हेपणीच सर्वांत मोठा असतो. बाळ जरा वळलेलं असलं किंवा श्वास सोडताना फिल्म निघाली की सावली आणखी पसरते. उजवीकडे शिडासारखी टोकदार कड किंवा फासळ्यांच्या दाबाने उमटलेली लाट, दोन्ही निरोगी थायमसचीच रूपं.

"दाबतो" ही समजूत जुनी आहे. बाळांच्या अचानक मृत्यूचं खापर १९ व्या शतकात याच ग्रंथीवर फुटलं. तुलनेला होती ती दीर्घ आजाराने गेलेल्यांची शरीरं. आजारपणात थायमस आटतो, म्हणून धडधाकट बाळाचा 'अवाढव्य' वाटला. १९०७ पासून थायमस आटवायला बाळांच्या छातीवर क्ष-किरणांचे उपचार झाले. त्यांपैकी काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला, तेव्हा कुठे डोळे उघडले. प्रत्यक्षात निरोगी थायमस मऊ असतो. तोच रक्तवाहिन्यांभोवती आणि हृदयाच्या ठोक्यांबरोबर आपला आकार बदलतो.

सोनोग्राफीत दिसत नाही, हे तर उलटंच. या वयात छातीच्या मधल्या हाडाचा बराच भाग कूर्चेचा असतो आणि त्यातून ध्वनिलहरी जातात. तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी: बाळाचं पोट भरलेलं असावं, जेल कोमट, खांद्याखाली पातळ घडी. ७ ते १५ मेगाहर्ट्झचा लिनियर प्रोब (अंगावर टेकवायचा सपाट तोंडाचा भाग), डेप्थ म्हणजे दिसण्याची खोली ३–४ सेंमी. आधी गळ्याच्या खळगीतून खाली बघायचं, मग हाडावरून, मग दोन्ही बाजूंना दुसऱ्या-तिसऱ्या फासळ्यांमधून. हात हलका ठेवा.

थायमस यकृताइतकाच किंवा किंचित गडद दिसतो, थायरॉइडपेक्षा नक्कीच गडद. आत बारीक चमकदार ठिपके आणि रेषा, कडा गुळगुळीत, रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरवर तो जेमतेम. गेन (चित्राचा उजळपणा) जास्त ठेवला तर हे ठिपके पुसले जातात आणि सगळं एकसारखं पांढुरकं दिसतं. न्यूमोनियात घट्ट झालेलं फुप्फुसही असंच यकृतासारखं दिसतं, पण त्यात हवेच्या नळ्यांच्या चमकत्या रेषा सापडतात. शंका असेल तर मानेपर्यंत वर जा: थायमसचं टोक पुष्कळदा तिथवर पोचतं आणि पोत तोच राहतो.

स्टेरॉइडची चाचणी करू नका. स्टेरॉइडने थायमस आटतो तसा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आणि ल्युकेमियाही (रक्ताचा कर्करोग) तात्पुरता आटतो. मग बायोप्सीतूनही निदान हुकू शकतं.

पुढची तपासणी कधी? कॅल्शियमचे खडे, पाण्याच्या पोकळ्या, ओबडधोबड पोत, अस्पष्ट कडा, किंवा रक्तवाहिनी वा श्वासनलिका खरोखर दबलेली किंवा सरकलेली दिसली तर. अशा वेळी शक्य असेल तिथे आधी एमआरआय, कारण त्यात किरणोत्सार नाही. थायमस दिसतच नसेल तर तेही अहवालात लिहा. फार आजारी बाळात तो आटलेला असू शकतो, पण वारंवार संसर्ग होणाऱ्या किंवा कॅल्शियम कमी असलेल्या बाळात रोगप्रतिकारशक्तीच्या आणि २२क्यू११ च्या (२२ व्या गुणसूत्राचा तुकडा गळाल्याचा दोष) तपासण्या लागतात.