‘नव्याण्णव टक्के जनता सोबत होती’: एका फॉरवर्डला उत्तर

माझी भाची अकरावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेले भाषण तिने गेल्या आठवड्यात मला तपासायला पाठवले आणि दुसऱ्याच परिच्छेदात मला ओळखीचा मजकूर भेटला. हाच मजकूर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दोनदा आणि सोसायटीच्या गटावर एकदा येऊन गेला होता. तेव्हा मी तो वाचून सोडून दिला, कारण अशा गोष्टींना उत्तर देत बसायला कोणाला वेळ आहे, असे मला वाटले. तो मजकूर आता एका मुलीच्या तोंडून व्यासपीठावर जाणार असेल तर वेळ काढणे भाग आहे.

त्या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: हिटलरला जर्मन जनतेने बहुमताने निवडून दिले, त्याने सहा वर्षांत साठ लाख बेकारांना काम दिले, जगातले पहिले महामार्ग बांधले आणि कामगारांना मोटारी दिल्या, ध्यानचंदांना सैन्यात मोठे पद देऊ केले, नव्याण्णव टक्के जनता त्याच्या पाठीशी होती, आणि ‘प्रोपगंडा’ हा शब्द युद्ध जिंकणाऱ्यांनी त्याच्या बदनामीसाठी चिकटवला.

बहुमताची गोष्ट चार ओळींत संपते. नाझी पक्षाला जुलै 1932 मध्ये 37.3 टक्के आणि नोव्हेंबरमध्ये 33.1 टक्के मते मिळाली, म्हणजे मते घटत होती. 30 जानेवारी 1933 रोजी हिटलरला चान्सलरपदी नेमले ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी. मार्चमध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा संसदेची इमारत जळून आठवडाही झाला नव्हता, नागरिकांचे मूलभूत हक्क वटहुकमाने स्थगित झाले होते आणि अनेक विरोधक तुरुंगात होते. तरीही आकडा 43.9 टक्क्यांच्या पुढे गेला नाही.

बेकारीच्या बाबतीत मात्र संदेशात अर्धे सत्य आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. 1933 च्या सुरुवातीला सुमारे साठ लाख नोंदलेले बेकार होते आणि चार-पाच वर्षांत ती संख्या खरोखरच झपाट्याने उतरली. मात्र नोकरी सोडणाऱ्या नववधूंच्या संसाराला सरकारी कर्ज देऊन बायकांना यादीतून काढणे, ज्यूंना नोकऱ्यांतून हाकलणे, 1935 पासून तरुणांना सक्तीच्या श्रमसेवेत आणि सैन्यात भरती करणे, आणि देशातले कारखाने उधारीवर शस्त्रनिर्मितीला जुंपणे, हे सारे त्या आकड्याच्या पोटात आहे. शिवाय 2 मे 1933 रोजी स्वतंत्र कामगार संघटना मोडून काढल्यानंतर, मिळालेल्या कामाचा मोबदला कमी आहे असे म्हणण्याचीही सोय उरली नव्हती.

महामार्ग म्हणाल तर मोटारींसाठी राखीव रस्ता इटलीत 1924 मध्येच झाला होता, आणि जर्मनीतला कोलोन ते बॉन हा रस्ता ऑगस्ट 1932 मध्ये कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी खुला केला. तेव्हा हिटलर सत्तेत नव्हता.

कामगारांच्या मोटारीची हकिगत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. किंमत 990 मार्क ठरली. कामगाराने दर आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट विकत घेऊन एका कार्डावर चिकटवायचे आणि जवळपास चार वर्षांनी कार्डे भरली की मोटार मिळायची, अशी योजना होती. छायाचित्रे सुंदर होती. गाडीजवळ उभे हसरे कुटुंब, मागे डोंगर. सुमारे 3 लाख 36 हजार लोकांनी पैसे भरले. त्यांच्यापैकी एकालाही या योजनेतून मोटार मिळाली नाही, कारण कारखाना लष्करी वाहने बनवू लागला. युद्धानंतर बचतदारांनी खटला लढवला आणि 1961 मध्ये तडजोड झाली, त्यात नव्या गाडीवर थोडी सूट किंवा हातात शंभर मार्क एवढे पदरात पडले. आमच्या गटावरील संदेश आजही ‘मोटार दिली’ असे म्हणतो, म्हणजे त्या जाहिरातीचा अंमल जाहिरात करणाऱ्यांच्या मागेही ऐंशी वर्षे टिकला आहे.

ध्यानचंदांविषयी एवढेच, की 15 ऑगस्ट 1936 रोजी बर्लिनमध्ये ऑलिम्पिक हॉकीत भारताने जर्मनीला 8-1 असे हरवले, हे खरे. पद देऊ केल्याच्या गोष्टीला मात्र त्या काळातला पुरावा नाही आणि ध्यानचंदांनी स्वतः लिहिलेल्या आत्मचरित्रातही ती नाही. त्यांच्या खेळाला हिटलरच्या प्रशस्तिपत्राची गरज का वाटावी, हे मला कधीच कळलेले नाही.

आता त्या नव्याण्णव टक्क्यांकडे येऊ. माझ्या भाचीने नेमके हेच विचारले होते: “मामा, बाकीचे सोडा, पण इतके लोक एकदम चुकतील कसे?” प्रश्न रास्त आहे, म्हणून त्या मतपत्रिकेचे चित्र मी तिला शोधून दाखवले. 10 एप्रिल 1938 रोजी, ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर महिन्याभराने, हे सार्वमत घेतले गेले. मतपत्रिकेवर एकच वाक्य आहे आणि त्यात दोन प्रश्न एकत्र शिवले आहेत: ऑस्ट्रियाचे विलीनीकरण तुला मान्य आहे का, आणि आपल्या नेत्याच्या, म्हणजे अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या, यादीला तू मत देतोस का. ज्याला विलीनीकरण हवे पण हिटलर नको, त्याने काय करावे याची सोय नाही. वाक्याखाली मधोमध ‘होय’चे भले मोठे वर्तुळ आणि बाजूला ‘नाही’चे लहानसे. ज्यूंना मताचा अधिकारच नव्हता. एवढ्यावर जर्मनीत नव्याण्णव टक्के ‘होय’ पडले.

मोठे वर्तुळ ही निदान सर्वांना दिसणारी लबाडी होती. न दिसणारी लबाडी एका अहवालात नोंदलेली आहे. एस.एस. या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या गुप्तवार्ता शाखेच्या, म्हणजे एस.डी.च्या, मोझेल नदीकाठच्या कोखेम येथील कचेरीने मे 1938 मध्ये कोब्लेंझच्या वरिष्ठांना तो पाठवला, आणि युद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्यात तो पुराव्यात दाखल झाला. त्यात लिहिले आहे, की काही मतदान केंद्रांवर मतपत्रिकांच्या मागे आधीच क्रमांक घातले होते, मतदारांची यादी त्याच क्रमाने केली होती आणि मतपत्रिकाही त्याच क्रमाने वाटल्या होत्या, त्यामुळे ‘नाही’ म्हणणारा किंवा मत बाद करणारा कोण हे नंतर शोधता आले. क्रमांक डोळ्यांना दिसू नयेत म्हणून ते साय काढलेल्या दुधाने लिहिले होते. नमुन्यादाखल एक मतपत्रिका अहवालाला जोडली होती.

हा अहवाल विजेत्यांनी लिहिलेला नाही. तो राजवटीच्या नोकराने, राजवटीच्या वरिष्ठासाठी, युद्ध सुरू होण्याच्या वर्षभर आधी लिहिला आहे, आणि त्यात लाज नसून काम चोख केल्याचे समाधान आहे. जनता खरोखरच नव्याण्णव टक्के पाठीशी असती, तर दुधाचा खर्च कशाला केला असता?

याचा अर्थ सगळे जर्मन मनातून विरोधात होते असाही नाही. कितीतरी लोक मनापासून भारावलेले होते. पण भारावण्यासाठी त्यांच्यापुढे काय येत होते ते पाहावे लागते. 13 मार्च 1933 रोजी गोबेल्सच्या हाती जे खाते आले त्याचे नावच ‘लोकप्रबोधन आणि प्रचार (मूळ जर्मनमध्ये ‘प्रोपगंडा’) मंत्रालय’ होते, म्हणजे बदनामीचा म्हणून सांगितला जाणारा तो शब्द त्यांनी स्वतःच दारावरच्या पाटीवर लिहिला होता. ऑक्टोबरमध्ये कायदा झाला आणि संपादक होण्यासाठी वंशाची चाचणी लागली. बर्लिनच्या रोजच्या पत्रकार बैठकीत कोणती बातमी कुठे आणि कोणत्या शब्दांत छापायची हे सांगितले जाई, आणि त्या सूचनांची टिपणे नष्ट करावी लागत. ती काही पत्रकारांनी जिवावर उदार होऊन लपवून ठेवली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. ‘खोटे शंभर वेळा सांगा’ हे गोबेल्सच्या नावावर खपणारे वाक्य त्याच्या लेखनात कुठे सापडत नाही, आणि त्याच्या यंत्रणेचे वर्णन म्हणूनही ते अपुरे आहे. एकच गोष्ट शंभर वेळा कोणीही सांगू शकतो. दुसरी गोष्ट सांगणारा कोणी उरणार नाही याची व्यवस्था फक्त सरकार करू शकते.

घराघरात पोहोचण्यासाठी स्वस्त रेडिओ काढला गेला. 76 मार्कांच्या त्या संचाचे नाव व्ही.ई. 301, यातले 301 म्हणजे 30 जानेवारी, सत्ताग्रहणाचा दिवस. 1933 मध्ये सुमारे 43 लाख असलेले रेडिओचे परवाने 1939 पर्यंत एक कोटीच्या वर गेले. मग 1 सप्टेंबर 1939 रोजी, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, परदेशी केंद्रे ऐकणे हा गुन्हा ठरला आणि रेडिओच्या खुंटीला अडकवायचे एक लहान कार्ड आले. परदेशी केंद्र ऐकणे हा राष्ट्राच्या सुरक्षेविरुद्ध गुन्हा आहे आणि त्याला सक्तमजुरी आहे, अशा अर्थाचा त्यावरचा मजकूर. केंद्र बदलायला हात पुढे केला की बोटे आधी त्या कार्डाला लागत.

फेब्रुवारी 1943 मध्ये स्टालिनग्राडला जर्मन फौज शरण गेली. सुमारे 91 हजार सैनिक कैद झाले. जर्मन रेडिओने बीथोव्हनची पाचवी सिंफनी वाजवली आणि तिथे लढणारे सहावे सैन्य शेवटपर्यंत लढून संपले, असे देशाला सांगितले. कैद्यांचा उल्लेख नव्हता. पकडलेल्या जर्मन सैनिकांची नावे मॉस्कोचा रेडिओ मात्र वाचून दाखवत असे. आपला मुलगा त्या यादीत आहे का, हे ऐकण्यासाठी घरचे लोक दारे-खिडक्या लावून, ते कार्ड बाजूला सारून, आवाज अगदी बारीक करून बसत.