बाप्तिस्म्यानंतरची भूक

‘आम्ही पाचव्या पिढीचे ख्रिस्ती.’ आमच्या नगरच्या बाजूला हे वाक्य लग्न जमवताना ऐकू येतं, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत ऐकू येतं, कब्रस्तानातल्या जागेवरून वाद झाला तरी ऐकू येतं. पणजोबांना अमुक मिशनरी साहेबाने बाप्तिस्मा दिला, आजोबा मिशन शाळेत हेडमास्तर, वडिलांनी चर्चला घंटा दिली. सगळं खरं असतं. पण त्याच माणसाला विचारून बघा, ‘नोकरी, तब्येत आणि पोराचा व्हिसा सोडून देवाजवळ शेवटचं काय मागितलंत?’ रागच येईल त्याला. मला वाटतं, आपल्या मंडळ्यांचं, म्हणजे चर्चमधल्या समाजाचं, दुखणं इथंच आहे. आपलं पोट भरलंय. निदान आपल्याला तसं वाटतंय.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण कौतुकाने घेतो, मुलांकडून त्यांच्यावर भाषणं पाठ करून घेतो. मला त्यांच्या आयुष्यातली जी गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते, ती मात्र या भाषणांत कधी नसते. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिका. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, नंतर ते पुण्याला हललं. काम जोरात, नाव सातासमुद्रापार. आणि 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या वाटचालीच्या कथनात, ही बाई सरळ सांगते की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी तिच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

कोण सांगतंय हे? जिला 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, जिने 1882 मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली. देणगीदार परदेशात बसलेले, टीकाकार पुण्यात टपलेले. अशा वेळी मुख्य गोष्टच अजून हाती लागलेली नाही हे आधी स्वतःशी कबूल करायचं, आणि मग चारचौघांत छापून सांगायचं! आपल्याकडे बायबल क्लास घेणाऱ्याला एखादी ओवी कुठली ते आठवलं नाही तर तो विषय बदलतो, पण ‘माहीत नाही’ म्हणत नाही.

रमाबाईंना पोटाची भूकही ठाऊक होती. तरुणपणीच दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली गोळा करून आणल्या, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. म्हणून रमाबाई भुकेबद्दल बोलतात तेव्हा ती नुसती भक्तीची भाषा वाटत नाही. भुकेला माणूस आपल्या भुकेवर सुंदर प्रार्थना रचत बसत नाही. तो उठतो, चालायला लागतो, कुणापुढे तरी हात पसरतो. मला जे म्हणायचंय ते हेच. देवाची भूक आणि नम्रता हे दोन वेगळे सद्‍गुण नाहीतच. ज्याला हात पसरायची लाज वाटते, त्याची भूक हळूहळू मरते. पाचव्या पिढीची ऐट असलेल्या माणसाला तर ती लाज फारच वाटते.

ना. वा. टिळकांचंही तेच. 1895 साली बाप्तिस्मा. त्यानंतर मिशनची नोकरी, मान, कवी म्हणून कीर्ती. त्यांची गीतं आपण आजही दर रविवारी गातो. आरामात निवृत्त व्हायचं वय. पण 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा मिळून. दोनच वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात ते गेले. दरबार फार टिकला नाही, म्हणून काही जण त्याला कवीचा लहरीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावरही ज्याला ‘एवढ्याने भागत नाही’ असं वाटतं, त्याला लहरी म्हणणं आपल्या सोयीचं आहे.

आता कुणी म्हणेल, भूक तर आहे की! श्रद्धा नव्याने जागी व्हावी म्हणून भरणाऱ्या संजीवन सभांना मैदानं भरतात, रात्र रात्र स्तुती चालते. चालू दे, माझा विरोध नाही. पण केडगावच्या 1905 च्या संजीवनाची गोष्ट सांगताना आपण जूनअखेरची रात्र तेवढी सांगतो, मुली रडल्या, पापं कबूल केली, सगळीकडे आग पेटल्यासारखं झालं, वगैरे. त्याआधी जानेवारीपासून तिथं रोज प्रार्थनेला बसणाऱ्या बायका-मुली कुणाला आठवत नाहीत. त्याच मुली शेतात राबत होत्या, विणत होत्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होत्या. आणि खुद्द रमाबाई? त्यानंतरची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालू. 1922 मध्ये त्या गेल्या, संपूर्ण बायबल लोकांच्या हातात पडलं ते 1924 मध्ये. एवढी मोठी विदुषी साठीच्या घरात व्याकरणाची पुस्तकं पुढ्यात घेऊन बसते, याला मी भूक म्हणते. मैदानावरचा आवाज दुसऱ्या दिवशी घसा बसला की संपतो.

शास्त्रात मला या बाबतीत सर्वांत जवळची वाटते ती मत्तयच्या पंधराव्या अध्यायातली कनानी बाई. रविवारच्या संदेशात, म्हणजे प्रवचनात, हा उतारा फारसा येत नाही, आला तरी पाळकसाहेब साखर लावून पुढे सरकतात, कारण येशूचं उत्तर कानाला कडू लागतं. मुलांची भाकरी कुत्र्यांना घालणं बरं नाही, असं ऐकूनही ती निघून जात नाही. खरंय प्रभू, म्हणते, पण मेजावरून पडलेला चुरा कुत्रीही खातात. आपल्यापैकी कुणीही अपमान झाला म्हणून दुसऱ्या चर्चला गेलं असतं. खुर्ची मागे दिली म्हणून गेलेले मी पाहिलेत.

आपली खरी भूक कशाची आहे ते पाहायचं असेल तर हंगामाच्या सणाचा लिलाव बघा. कल्पना सुंदर: पहिलं पीक देवाला. टेबलावर ज्वारीची कणसं, भोपळा, पाय बांधलेली कोंबडी, कुणा आजीने पदरात गुंडाळून आणलेली चार अंडी. मग माइकवाला सुरू होतो. ‘अमुक साहेबांचे पाचशे!’ दुसरा साहेब लगेच सातशे. भोपळा दोन हजारांवर जातो, तो कुणाला खायचा नसतो, नाव तेवढं तीनदा पुकारलं जायला हवं असतं. आजीची अंडी कुणी घेतली, हे त्या गोंधळात आजीलाही कळत नाही.

माझी साधी सूचना आहे, कमिटीतले लोक ही पोस्ट वाचतात म्हणून इथंच लिहिते. यंदा लिलावात नावं पुकारू नका. बोली चिठ्ठीवर घ्या, पैसे पाकिटात. आणि सणाच्या आधीचा आठवडाभर संध्याकाळी चर्च नुसतं उघडं ठेवा. ना पाहुणा वक्ता, ना कीबोर्ड, ना फोटो. ज्याला यायचं तो येईल, गुडघे टेकेल, जाईल. उत्पन्न घटेल हे मलाही कळतं. खजिनदारांनी तो आकडा वार्षिक सभेत माझ्या नावाने सांगावा, माझी हरकत नाही.